थोरलीला माहेरी नेणारी अनसाक्का

आमची शेड बघायला येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. "मॅडम, ट्रेनिंग कुठं घेतलं?" मी भिंतीवरची फ्रेम दाखवते. पाच दिवसांचा कोर्स, शेवटच्या दिवशी जेवण आणि सर्टिफिकेट. खोटं कशाला बोलू, कोर्स चांगला होता. लसी कळल्या, खाद्य कळलं. पण साठ कोंबड्या एका जागेत कोंडल्या की त्या एकमेकींचा जीव घ्यायला का उठतात, आणि तो घेऊ नये म्हणून काय करायचं, हे मला अनसाक्कानं शिकवलं. तिच्याकडं सर्टिफिकेट नव्हतं. मजा म्हणजे तिची हयात कोंबड्यांतही गेली नव्हती, ती मेंढरांमागची बाई. गेल्या उन्हाळ्यात ती माण तालुक्यात भावाकडं कायमची राहायला गेली, आणि तेव्हापासून कुणी तो ट्रेनिंगचा प्रश्न काढला की मला तिच्याबद्दल घडाघडा बोलत सुटावंसं वाटतं. माणसांना घाई असते. म्हणून लिहून काढते.

मी मूळची वाईची. एम.एस्सी. झालेली, लग्न होऊन पलूसला आलेली. प्रतापची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, द्राक्षबागांच्या मधोमध थोडी जमीन होती. तिथं आम्ही गावरान कोंबड्यांची शेड टाकली. आमचा धंदा अंड्यांचा नाही, पिल्लांचा. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवायची, तिनंच ती उबवायची, तिनंच पिल्लं हिंडवून शहाणी करायची. आईनं वाढवलेलं पिल्लू मशीनमधल्या पिल्लापेक्षा चलाख असतं. वर घार दिसली की ते कुणी न सांगता पळतं. त्याच्यासाठी लोक पार कवठे महांकाळहून येतात.

पहिल्या कोंबड्या माणहून टेम्पोनं आल्या. आमच्या वाईच्या घरी नवी गाय आली की तिच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात, ओवाळतात आणि मग गोठ्यात घेतात. मी तेच केलं. एकेक कोंबडी हातात घेऊन तुऱ्याच्या मागं कुंकवाचं बोट टेकवलं. प्रतापनं व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला, त्यावर लोकांचे जोडलेले हात आले. अकरा वाजेपर्यंत शेडमध्ये कत्तल सुरू झाली होती. कोंबडीला दुसरीच्या पिसांवर लाल दिसलं की ती टोचते, टोचलं की रक्त येतं, आणि रक्त दिसलं की सगळ्या धावतात. मी एकीला सोडवेपर्यंत दुसरीकडं सुरू. मी रडत होते, प्रताप ओरडत होता, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या बागेत खुरपणीला आलेली एक बाई आमच्या नळावर पाण्याचा कॅन भरायला आली.

उंच, वाळकी, साठीची. ओचा घट्ट खोवलेला आणि पायांत पुरुषी चपला. हीच अनसाक्का. कॅन तिथंच टाकून ती जाळीपाशी आली.

"कुक्कू कुणी लावलं?"

"मी."

"ह्या काय नांदाय आल्यात व्हय?" असं म्हणून ती आत शिरली. विचारलंबिचारलं काही नाही. माझ्याकडं लोखंडी तवा मागितला, त्याच्या बुडाची काजळी खरवडली, खोबरेल तेलात कालवली आणि दिसेल त्या लाल जागेवर फासत सुटली. कुंकू असो की रक्त, सगळ्याला एकच औषध. मला म्हणाली, "रडता रडता हात चालवाया येतुया का?" मी हात चालवले. दोन वाजेपर्यंत साऱ्या कोंबड्यांची डोकी काळी झाली आणि शेड गप्प झाली. दोन कोंबड्या मेल्या होत्या, त्या तिनंच उचलून बाहेर नेल्या.

प्रताप तेव्हाच म्हणाला, चोच कापायचं मशीन बोलवू. विजेवर तापणारं पातं असतं, त्यावर चोचीचं टोक धरलं की कापलंही जातं आणि डागलंही जातं. टोकच राहिलं नाही तर टोचणार कशानं. मोठमोठ्या शेडमधून हे सर्रास करतात, आम्हाला कोर्समध्ये दाखवलंही होतं. त्याचं काही चुकत नव्हतं. अक्का कॅन उचलून निघाली होती, ती थांबली.

"चोच कापल्याव पिल्लास्नी दाना कशानं दावंल?"

"खातात की अक्का. चोच कापलेल्या कोंबड्या काय उपाशी मरतात?"

"सवता खाईल. म्या पिल्लांचं इचारलं." मग तिनं बोटांची चोच करून जमिनीवर दाखवलं. आई दाणा उचलते, टाकते, परत उचलते, परत टाकते, तोंडानं टुकटुक करते, तेव्हा पिल्लाला कळतं की हे खायचं असतं. "त्ये टोकाचं काम हाय, दादा. टोक गेलं की आंधळ्यावानी चाचपत बसायचं. मंग तुमच्या पिल्लाला कोन शिकीवनार, तुमी?"

"आणि ह्या एकमेकींना मारून मोकळ्या झाल्या तर पिल्लं कोण काढणार, तुम्ही?" प्रतापही काही कमी नाही.

अक्कानं सगळ्या शेडवर एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "दिवाळीपतूर मी बगती. ह्या शेडात रगात निगालं तर मशीन बोलवा. मी सवता कोंबड्या धरून मशीनम्होरं बसती. शबूद हाय माजा."

शब्द ही गोष्ट तिच्या लेखी फार मोठी होती. तिचा नवरा होता तेव्हाची गोष्ट ती सांगायची. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी धनगराची मेंढरं आपल्या रानात रात्रीपुरती बसवून घेतात, त्या बदल्यात धान्य देतात. अक्कानं एका गावात एकाला शब्द दिला आणि नवऱ्यानं वाटेतच दुसऱ्या गावात जास्त ज्वारीवर मेंढरं बसवली. ही बाई सगळा कळप उठवून, लेकरू पाठीला बांधून दोन गावं मागं चालत गेली. नवरा शिव्या देत मागून. "आजपतूर येक शबूद मोडला न्हाई," हे ती मान ताठ करून सांगायची. ही गोष्ट कळल्यावर तिच्या शब्दानं मला बरं वाटण्याऐवजी धास्तीच वाटली. आता चोची राहणार की जाणार, ते सगळं रक्ताच्या एका थेंबावर आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बागेत जायच्या आधी अक्का तासभर आमच्याकडं यायला लागली. येऊन काय करायची? पाटी पालथी घालून जाळीशी बसायची. बस्स. मी चहा नेला की हातानंच खाली ठेवायची खूण करायची.

"गप ऱ्हावा. त्येंचं ठरतंय."

मला वाटलं, झकास आहे, आम्ही राबतोय आणि या बसल्यात. मी तिकडं कोंबड्यांच्या पायांत नंबरांची कडी घालून वहीत टिपत होते, कुणी कुणाला टोचलं, कोण कुणापुढून बाजूला झाली. पंधरा दिवस खपले. मग अक्काला सहज विचारलं, तर तिनं बोट दाखवत पहिलीपासून शेवटचीपर्यंत अख्खी रांग सांगितली. ही तांबडी सगळ्यांत वर, तिचं नाव तिनं थोरली ठेवलं होतं. तिच्याखाली ती काळी, तिच्याखाली तुटक्या नखाची. सगळ्यांत शेवटी भुरी, तिला कुणीही यावं आणि टोचावं. वही काढून ताडून पाहिलं तर एकच जागा चुकत होती. परत दोन दिवस बघितलं, तर वही चुकली होती. मला रागच आला. एम.एस्सी. आहे मी.

दोन कोंबड्या मानेची पिसं फुलवून समोरासमोर आल्या की मी झाडू घेऊन सोडवायला धावायची. अक्का माझं मनगट धरायची. "रगात न्हाई तवर मदी पडू नगा. मारामारी वाईट न्हाई वैनी, ठरंना झालं म्हंजी वाईट. तुमी सोडिवलं तर त्येंचं उद्या पुना पयल्यापास्नं." आणि खरंच, दोघी चार उड्या मारायच्या, एक मान खाली घालायची, खेळ खलास. पुढं त्या दोघींत नुसत्या नजरेवर काम भागायचं. मी भारावून म्हणाले, "अगदी घरातल्यासारखंच की अक्का. थोरली जाऊ, धाकटी जाऊ." हे तिला मुळीच आवडलं नाही. "मान्सांचं नाव काडू नगा. कोंबडीचं येकदा ठरलं की ठरलं. मानूस रोज सकाळी उटून पुना ठरवतंय."

मग तिनं शेड बदलायला घेतली. खाद्याचं एकच लांब भांडं होतं, तिथं थोरली आणि तिची मंडळी ठाण मांडायची. अक्कानं ते काढून आठ लहान भांडी लांब लांब ठेवायला लावली, थोरली किती ठिकाणी उभी राहणार. जुनी पोती उसवून मधे मधे पडद्यासारखी टांगली, कारण मार खाणारीला पळायला नव्हे तर लपायला जागा लागते, मारणारीच्या नजरेआड झालं की निम्मं भांडण मिटतं. कोबीचे गड्डे आणि मेथीच्या जुड्या दोरीनं अशा उंचीवर बांधल्या की उडी मारल्याशिवाय चोच पोचू नये. "चोचीला काम पायजे. रिकामी चोच शेजारनीच्या अंगाव जाती." प्रताप ते पडदे आणि ती तोरणं बघून म्हणाला, "पोल्ट्री आहे की मंगल कार्यालय?" पण कोबी तोच आणायचा, न सांगता.

एवढं होऊनही मी घोळ घातलाच. थोरलीनं भुरीचा पिच्छाच धरला होता. भुरीची पाठ पार बोडकी झाली, रक्त तेवढं नव्हतं. माझ्यानं बघवेना. मी तिला उचलून स्वयंपाकघरामागच्या पडवीत आणलं, दहा दिवस भात घातला, पाठीला तेल चोळलं. भुरी टुमटुमीत झाली. मोठ्या दिमाखात तिला परत शेडमध्ये सोडलं, आणि सगळ्याजणी तिच्यावर तुटून पडल्या. थोरली तर राहू दे, भुरीच्या जेमतेम एक जागा वर असलेली मरतुकडी कोंबडीसुद्धा तिला टोचायला धावली. अक्कानं झडप घालून भुरीला बाहेर ओढलं. मी मोबाईलचा टॉर्च लावून तिचं पीस न् पीस उलटून पाहिलं. रक्त नव्हतं. अक्का मला जेवढं बोलली तेवढं माझी सासूही कधी बोलली नाही.

"मार खानारीला भाईर काडलीसा, तिची हुती न्हवती ती जागा गेली. आता ती पावनी झाली. काडायची असती ती मारनारीला."

"आणि काढून ठेवायची कुठं?"

"हितं नगं. दिसली न्हाई पायजे, वरडताना आयकू आली न्हाई पायजे. म्हायेरी न्हेती."

तिच्या भाच्याच्या पोराचं जावळ होतं माणात, दहिवडीला, आणि थोरलीही तिकडचीच. भुरीला तिनं शेडमध्येच विरळ विणीच्या डालग्याखाली ठेवायला लावलं, बाकीच्यांना दिसावी पण टोचता येऊ नये म्हणून. थोरलीला पिशवीत घातलं, मान तेवढी बाहेर. मी स्टँडवर सोडायला गेले. कंडक्टर म्हणाला, "आजी, ही टोचंल की कुणाला." अक्का म्हणाली, "न्हाई वो, गरीब हाय. म्हायेरी चाललीया." त्यानं कौतुकानं बोट पुढं केलं आणि थोरलीनं ते असं फोडलं की रक्ताची धार लागली. अक्कानं कंडक्टरकडं बघितलंसुद्धा नाही. खिडकीतून अर्धी बाहेर येऊन मला ओरडून म्हणाली, "वैनी, ह्ये धरायचं न्हाई हां. ह्ये शेडातलं न्हाई." सगळा स्टँड माझ्याकडं बघायला लागला. मी हसू दाबत कंडक्टरला रुमाल दिला.

आठ दिवसांनी थोरली परत आली. दिवेलागणीला, सगळ्या दांड्यांवर बसून पेंगायला लागल्यावर, अक्कानं तिला आणि भुरीला हळूच त्यांच्या रांगेत बसवलं, म्हणजे सकाळी एकत्रच जाग यावी. सकाळी आम्ही तिघंही जाळीशी. थोरली उतरली, पहिल्यासारखी छाती काढून भांड्याकडं चालली, आणि वाटेत काळी उभी. मधल्या आठ दिवसांत पहिली जागा काळीनं घेतली होती. दोघींची झटापट झाली, थोरली चक्रावली, तिनं मान खाली घातली. दुसऱ्या भांड्याकडं गेली तर तिथं तुटकं नख. शेवटी कशीबशी चौथी लागली. स्वतःची जागा सांभाळता सांभाळता भुरीकडं बघायला तिला फुरसतच राहिली नाही. भुरी पोत्यामागून निघाली, भांड्यापाशी गेली, पोटभर खाल्लं. मी टाळ्या पिटल्या. प्रतापच्या हातातला चहा गार झाला होता, त्याला पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी जाळीशी दोन पाट्या पालथ्या पडलेल्या दिसल्या, एक अक्काची, एक त्याची.

दिवाळी आठ दिवसांवर आली. शेडमध्ये रक्ताचा थेंब नाही. काही कोंबड्या खुडूक बसायला लागल्या होत्या आणि त्यांतल्या चांगल्या आया कोणत्या, ते अक्का निवडत होती. मेंढरांत असं निवडलेल्या मेंढीच्या कपाळाला रंग लावतात, लांबून ओळखू यावी म्हणून. अक्कानंही तेच केलं. लाल नको एवढं तिच्या पक्कं ध्यानात होतं, म्हणून कपड्यांची नीळ घेतली आणि सहा कोंबड्यांची तोंडं निळी केली, त्यांत थोरलीही. मी बाजारात होते, प्रताप बँकेत.

आम्ही आलो तर अक्का शेडच्या बाहेर मातीत बसलेली. आत सगळं शांत होतं. खाली नवा भुसा पसरलेला, सहा तोंडं धुतलेली, थोरली वेगळ्या डालग्याखाली, फाटलेल्या तुऱ्यावर काजळीचा लेप. ती काही बोलली नसती तर आम्हाला जन्मात कळलं नसतं.

"रगात निगालं," ती प्रतापला म्हणाली. "माज्याच हातानं. मेंढरू वासानं वळकतं, त्येच्या तोंडाला काय बी फासा. कोंबडी तोंड बगून वळकती. नीळ लावली आन त्येंस्नी वाटलं कोन परक्याच आल्या. जलमभर मेंढरं राखली, तीच आज आडवी आली."

"अक्का, आम्ही कुठं काय बघितलं?" प्रताप म्हणाला.

"मी बगितलं."

"असू द्या हो. चुकून झालं."

"चुकून झालं न्हाईतर मुद्दाम झालं, रगात त्ये रगात. शबूद तुमी न्हाई दिला, मी दिला. मशीन बोलवा."

पुढचे दोन दिवस ती वेळेवर यायची, दारात उभी राहायची आणि एकच विचारायची, "बोलीवलं का?" आत पाऊल टाकत नव्हती. मी समजावलं, चिडले, शेवटी हात जोडले. ढिम्म. मला त्या चोचींची काळजी होती आणि तिला तिच्या शब्दाची, आणि दोन्ही एकदम राहतील अशी वाट मला दिसत नव्हती. तिसऱ्या दिवशी प्रतापनं फोन केला. तिचा मान राखावा असं वाटलं असेल त्याला, किंवा तो वैतागलाही असेल. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

मशीनवाला सकाळी आला. पडवीत टेबल मांडलं, वायर ओढली, बटण दाबलं. पातं हळूहळू लाल झालं.

"आणा पहिली," तो म्हणाला.

अक्कानं पदर खोचला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा शेडमध्ये गेली. आम्ही उभे. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मशीनवाल्यानं घड्याळ पाहिलं. "वहिनी, पातं तापून बसलंय." मला काही तिथं उभं राहवेना, मी आत गेले.

ती पोत्याच्या पडद्यामागं उभी होती. थोरलीला छातीशी धरलं होतं आणि एका हाताच्या मुठीत तिची चोच झाकली होती, अगदी हलकी. माझ्याकडं बघेना.

"वैनी, त्येंस्नी जाऊन सांगा, अनसा खोटी पडली."

"अक्का..."

"मोडला शबूद. आजपतूर मोडला न्हवता, आज मोडला म्हनून सांगा. खोटारडी म्हना, काय म्हनायचं त्ये म्हना. माज्यानं हुईत न्हाई."

प्रताप माझ्या मागंच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो वळला आणि बाहेर गेला. प्लग उपसल्याचा आवाज आला.

"अहो, आत्ता कुठं लाल झालं होतं," मशीनवाला म्हणाला.

"होईल गार. बसा, चहा घ्या."

अक्काला ते ऐकू गेलं. तिनं खूप वेळ थोरलीला तशीच धरून ठेवली, मग वाकून खाली सोडली. थोरलीनं अंग झाडलं, दोन पावलं टाकली, भांड्यापाशी बिचारी एक कोंबडी खात होती तिच्या टाळक्यात खाडकन टोच मारली आणि तिच्या जागी उभी राहून दाणे टिपायला लागली. मी झटकन त्या कोंबडीचं डोकं चाचपलं. रक्त नव्हतं. अक्काच्या गालांवर पाणी वाहत होतं आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली होती.

"बगा वैनी. हिच्यापायी मी खोटी पडली, आन हिला हाय का काय त्येचं."